मंदाबाईची ब्लाइंड

रक्षाची बॅग दारापाशी उभी होती आणि तिची चेन काही केल्या लागत नव्हती. भाऊबीजेला चार दिवस माहेरी जायचं, तर लग्नातला शालू कशाला लागतो आणि उन्हाळ्याचे ड्रेस कशाला लागतात, हे मंदाबाई सकाळपासून स्वतःलाच विचारत होत्या. सुनेला विचारायची हिंमत होत नव्हती. विचारलं आणि तिनं खरं सांगून टाकलं तर?

पोरगी गुणाची होती. तुमसरला बापाच्या दुकानात गल्ल्यावर बसून वाढलेली. हेमराजशी लग्न होऊन कोंढ्याला आली, भाताच्या रोवणीला चिखलात उतरली आणि पहिल्याच बांधीत घसरून बसकण मारली. बाया खदाखदा हसल्या, त्यांच्यात मंदाबाईही हसल्या. तेव्हापासून तिच्या तोंडाला जे कुलूप लागलं ते लागलंच.

आत्ताही ओसरीवर चटई टाकून ती एकटीच पत्ते पिसत बसली होती. तिच्या माहेरी दिवाळीत सगळं घर तीन पत्तीला बसायचं, आई-बाप, काका-काकू, सगळे. तिथला पत्त्यांचा कॅट ती लग्नात सोबत घेऊन आली होती. इकडे पत्ते म्हणजे पोळ्याला गड्यांनी झाडाखाली खेळायची गोष्ट. मंदाबाईंनी जन्मात पत्त्याला हात लावला नव्हता. पण कुलदीप, रक्षाचा भाऊ, घडीभरात गाडी घेऊन येणार होता, आणि काहीतरी करायला हवं होतं. उकडलेल्या शिंगाड्यांची टोपली घेऊन त्या सुनेसमोर मांडी घालून बसल्या.

"मले बी शिकव," त्या म्हणाल्या.

रक्षानं मान वर केली. म्हणाली, आधी बूट ठेवायचा. मंदाबाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं की आपल्या घरात बूट कोणाचेच नाहीत, चप्पल चालत असली तर आणते. रक्षा इतकी हसली की पत्ते हातातून सांडले. बूट म्हणजे पत्ते वाटायच्या आधी दोघींनी मध्ये ठेवायची बोली, हे तिनं डोळे पुसत पुसत समजावलं. दोघींनी एकेक शिंगाडा ठेवला.

मग शिकवणी सुरू झाली. प्रत्येकीला तीन पत्ते. एकाच रंगाचे ओळीनं आले तर मोठा डाव, पण तीन सारखे आले तर सगळ्यात मोठा. तीन दुऱ्या आल्या तरी एक्का, राजा, राणी हरतात. हा कायदा मंदाबाईंना फार आवडला. पत्ते न बघता खेळलं तर ती ब्लाइंड, आणि तिनं एक शिंगाडा लावला की पत्ते बघणारीनं दोन लावायचे. शेवटी कोणी शो मागितला की दोघींनी पत्ते उघडायचे.

"आणि पत्ते खराब आले तं?"

"तर पॅक. पत्ते टाकून द्यायचे आणि उठायचं."

मंदाबाईंची नजर दारातल्या बॅगेवर गेली.

"खराब आले का लगेच उठून जावाचं?"

"हो," रक्षा हळूच म्हणाली. "नुकसान कमी होतं."

रक्षानं पत्ते वाटले, आपले उचलून पाहिले. मंदाबाईंनी आपल्या पत्त्यांना हातही लावला नाही. त्यांनी एक शिंगाडा लावला, रक्षानं दोन. त्यांनी पुन्हा एक, तिनं दोन. मध्ये ढीग होत गेला. त्यातलाच एक सोलून मंदाबाईंनी तोंडात टाकला, तेव्हा असं चालत नाही म्हणून सुनेनं दटावलं. सून दटावते आहे याचा त्यांना मनापासून आनंद झाला.

"आई, एकदा पाहा तरी. नाही तर पॅक करा. उगाच हराल."

मंदाबाईंनी टोपलीतून आणखी एक शिंगाडा उचलला.

"तुले पाहाले हेमराज गेलता, त्याचे बाबा गेलते. मी खळ्यावर होती. म्या तुले पाह्यलंच नाही, तशीच घरात घेतली." त्यांनी शिंगाडा ढिगात ठेवला. "न पाहता चांगली भेटली मले. मंग पॅक कायले करू?"

रक्षा आपल्या पत्त्यांत तोंड घालून बसली. कितीतरी वेळ तिला तीनच पत्ते नीट लावता येईनात.

"मी तरी तुम्हाला कुठं पाहिलं होतं," शेवटी ती म्हणाली आणि दोन शिंगाडे पुढे सरकवले.

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. कुलदीप आला, घाईघाईत चहा प्यायला, उन्हं उतरायच्या आत निघायला हवं म्हणाला. मंदाबाई पत्ते गोळा करायला वाकल्या. विसरले तर पोरीची माहेरची वस्तू राहायची. रक्षानं त्यांचा हात धरला.

"राहू द्या. शो मी आल्यावर मागते."

मग ती बॅगेपाशी गेली. शालू काढून तिनं पेटीवर ठेवला. चेन लागली.

संध्याकाळी हेमराज धान कापून घरी आला, तर ओसरीच्या मधोमध चटईवर टोपली पालथी घातलेली. त्यानं ती उचलली. खाली शिंगाड्यांचा ढीग आणि दोन्ही बाजूंना तीन तीन पालथे पत्ते. तो एक उलटायला गेला, तसा मंदाबाईंनी त्याच्या हातावर फटका मारला.

"पाहू नको," त्या म्हणाल्या. "माही ब्लाइंड हाय."