चारही साधने नापास

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी चौथ्या साधनानंही शून्य दाखवलं. नाजिमा शेखनं तो आकडा तक्त्यात भरला आणि मथळा लिहिला: ‘मराठी ब्लॉग शोधण्यात चारही साधने नापास’.

साल २००७. ब्लॉग आणि बातम्यांचे फीड शोधून देणारी अमेरिकी साधनं इंटरनेटवर रोज नवी निघत होती. त्यांतलं कुठलं चांगलं, असं विचारणारी वाचकांची पत्रं दैनिकाकडे येत होती. नाजिमानं चार साधनं निवडली. वीस मराठी शब्द कचेरीतल्या संगणकावर टाइप केले आणि ती एकच फाइल चौघांना दिली. मराठी ब्लॉग आहेत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. स्वारगेट आगारातल्या एका कंडक्टरचा ब्लॉग ती रोज वाचायची. एसटीत लोक काय काय विसरून उतरतात, त्याची तो यादी करायचा. ‘छत्री’ हा शब्द त्याच्याकडे सत्तर वेळा तरी आला असेल. साधनं म्हणत होती, शून्य.

संपादक अनिरुद्ध सरांनी तक्ता वाचला. “पुण्यात बसून अमेरिकेला नापास केलंस. पहिल्या पानावर घेतो.”

नोकरीला दोन वर्षं झाली होती. पहिल्या पानावर तिचं नाव एकदाही आलं नव्हतं.

पान लावायला नागोराव बसले. आधी शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं जुळवणं, मग संगणक, अशी त्यांची तीस वर्षं झाली होती. तक्त्याकडे बघत त्यांनी विचारलं, “ताई, शब्द टाइप कुठं केलेत?”

“याच मशीनवर, काका.”

“मग त्यांना मराठी दिलंत कुठं?”

त्यांनी तिची फाइल साध्या अक्षरांत उघडून दाखवली. ‘छत्री’च्या जागी इंग्रजी अक्षरं, एक कंस आणि डॉलरचं चिन्ह होतं.

“हा फाँट आपल्यापुरता. पडद्यावर मराठी, पोटात हे असं. जिथं हा फाँट नाही, तिथं हेच दिसतं.”

नाजिमानं मथळा खोडला. खाली जाहिरात विभागात युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठीच राहणारी अक्षरं, चालणारं एक मशीन होतं, तिथं जाऊन तिनं वीसच्या वीस शब्द पुन्हा टाइप केले. पाच वीसला आकडे आले: दोनशे चौदा, एकशे ऐंशी, सत्त्याण्णव, दोनशे एकसष्ट. दोन साधनांत कंडक्टर सगळ्यांत वर होता. आतल्या पानाला एवढं पुरेसं होतं.

उठता उठता तिनं आणखी एक चाचणी घेतली. त्या दिवशीच्या आपल्याच अंकाचा मुख्य मथळा चारही साधनांत टाकला. शून्य. मग मागच्या वर्षीच्या स्वतःच्या लेखाचं नाव टाकलं. शून्य.

ती वर आली. “काका, आपल्या वेबसाइटवर तर सात वर्षांचे अंक आहेत.”

“आहेत ना,” नागोराव म्हणाले. “याच फाँटात.”

तिनं तक्ता नव्यानं केला. चार साधनांच्या खाली पाचवी ओळ घातली आणि तिथं स्वतःच्या दैनिकाचं नाव लिहिलं. पुढं चार शून्यं. मथळा: ‘साधने पास, आम्ही नापास’.

अनिरुद्ध सरांनी तो दोनदा वाचला. “आपलीच अब्रू आपल्याच पहिल्या पानावर?”

“पाचवी ओळ काढायची असेल तर खाली माझं नाव नको, सर.”

“आणि मालकांना काय सांगू?”

“कंडक्टरच्या छत्र्या सापडतात, आपला अग्रलेख सापडत नाही, असं सांगा.”

नागोरावांनी हसू दाबलं. सरांनी फोन उचलला आणि केबिनचं दार लावून घेतलं.

पान साडेसहाला छपाईला जातं. सहा चाळीस झाले तेव्हा केबिनचं दार बंदच होतं, आणि पहिल्या पानावर तिच्या तक्त्यासाठी ठेवलेली तीन कॉलमांची जागा कोरी होती.