देव्हाऱ्यातली डबी

"देव्हाऱ्यातल्या वस्तूला आमच्या घरात कोणी हात लावत नाही, मॅडम!" असं छातीठोकपणे सांगत सदानंदने दुर्मीळ खनिजाची डबी आणली. ओमानच्या वाळवंटातल्या एका जुन्या खाणीत त्याने तीन हिवाळे माती चाळून जमवलेली ती चिमूटभर लाल भुकटी तपासायला गार्गीमॅडम खास पुण्याहून त्याच्या दोह्यातल्या घरी आल्या होत्या.

मॅडमनी मायक्रोस्कोपला डोळा लावला.

"अहो, हे तर कुंकू आहे!" म्हणाल्या आणि कपाळ खाजवत तोंड धुवायला आत गेल्या.

"मृणालिनी! मघाशी दारात मॅडमना कुठल्या डबीतलं कुंकू लावलंस?" सदानंदने बायकोला विचारलं.

"देव्हाऱ्यातल्या. दोन दिसल्या, पुढची घेतली. आज जरा खरखरीतच लागलं."

"मॅडम, थांबा! कपाळाला पाणी लावू नका!"

गार्गीमॅडम टॉवेलने तोंड पुसत बाहेर आल्या.