हाल इल्ल री

माणसाचा मेंदू पहिल्या दोन वर्षांत घडतो आणि पुढं आयुष्यभर नुसता वापरला जातो, हे केराबाई सुइणीला सोलापूरच्या तीन दिवसांच्या शिबिरात समजलं. तेव्हा तिचं वय साठीच्या आसपास होतं आणि मैंदर्गीतली निम्मी माणसं तिच्याच हातावर जन्मली होती. त्यांचे मेंदू कसे घडले होते, हे तिला दर बाजारच्या दिवशी दिसत असे. तरी तिनं मान डोलावली आणि सरकारनं दिलेली पत्र्याची पेटी घेऊन ती गावी परतली.

शिबिरातलं तिनं मनावर मात्र घेतलं. बाळाशी बोलावं. त्याच्या डोळ्यांत बघावं. त्याच्या पोटात वेळेवर दूध जावं. पहिल्या दोन गोष्टींना कुणाला विचारायला नको होतं. तिसरीसाठी दूध पावडरचे डबे मिळणार होते, पण तालुक्याच्या साहेबांनी घरी येऊन फॉर्म भरल्यावर.

म्हणून एप्रिलातल्या एका सकाळी ती ढगे साहेबांना शिवम्माच्या दारात घेऊन आली. शिवम्मा कर्नाटकातून लग्न होऊन आलेली, पहिलटकरीण. बाळंतपणानंतरच्या तापात तिचं दूध आटलं होतं. शेजारची शेळीही आता आटत आली होती. बाळ हल्ली रडतही नसे, नुसतं बघत असे. केराबाईनं दोन दिवस शिवम्माला कानडीत पढवून ठेवलं होतं, की साहेब काहीही विचारू देत, तू आपलं दूध नाही एवढंच सांग.

"केराबाई, तुम्ही बाहेर थांबा," साहेब म्हणाले. "आईनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं पाहिजे. मध्ये तिसऱ्यानं बोलायचं नाही, असं परिपत्रक आहे."

"तिला मराटी येत न्हाय, सायेब."

"मला कानडी येतं."

साहेब बार्शीचे. अक्कलकोटात आठ महिने काढून त्यांना चार कानडी शब्द आले होते: बा, होगु, ऊटा आणि इल्ल. म्हणजे ये, जा, जेवण आणि नाही. नोकरीत त्यातला शेवटचाच रोज उपयोगी पडे.

केराबाई दारासमोर कडुलिंबाखाली बसली. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"बाळाशी बोलता का?"

"हाल इल्ल री."

"बाळ तुमच्याकडं बघून हसतं का?"

"हाल इल्ल री."

मग साहेबांनी बहिऱ्याला विचारावं तसा आवाज चढवून विचारलं, "पाजायला काही त्रास?"

"हाल इल्ल री," शिवम्मा म्हणाली. या खेपेला तिचा आवाज फुटला होता.

केराबाईनं पदरानं मान पुसली. पोरीनं नीट सांगितलं होतं. काम झालं होतं.

साहेब पेनाला टोपण लावत बाहेर आले. चेहरा प्रसन्न होता.

"मोठी समाधानी बाई आहे. तीनदा विचारलं, तीनदा म्हणाली, हाल नाहीत. आमच्याकडच्या बायका असत्या तर गाऱ्हाणी संपली नसती. मदतीची गरज नाही, असं लिहिलंय."

केराबाई उठून उभी राहिली.

"सायेब, हाल म्हंजी दूध. कानडीत."

साहेब जागच्या जागी थांबले.

"मग तिनं दूध म्हणायचं होतं."

"दूध म्हनली असती तरी न्हवतंच की तिच्यात."

"तुम्ही तरी आधी सांगायचं."

"मी बाहीर हुते की."

साहेबांना लाज वाटली. ते कडुलिंबाखाली येऊन बसले आणि त्यांनी फॉर्म मांडीवर पसरला. फॉर्म तीन प्रतींत होता, मध्ये कार्बन घातलेला. डोक्यावर नंबर छापलेला, एका बाळाला एकच. तळाशी ठळक अक्षरांत सूचना होती: खाडाखोड आढळल्यास फॉर्म रद्द समजावा. रद्द म्हणजे बाळ यादीतूनच गेलं. त्यांनी खालची प्रत उन्हात धरून बघितली. 'हाल नाहीत' हे शब्द तिथंही स्पष्ट उमटले होते. कार्बन नवा होता.

"शेऱ्यात लिहितो," शेवटी ते म्हणाले. शेऱ्याचा रकाना दोन बोटं रुंद होता. त्यात त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं आणि केराबाईला वाचून दाखवलं: "वर 'हाल' असे आले आहे तेथे 'दूध' असे वाचावे."

"कोन वाचनार?"

"सोलापूरला. वरचे साहेब."

"कदी?"

"शेरे सहामाहीला वाचतात."

साहेबांची जीप गेली. केराबाई धूळ बसेपर्यंत उभी राहिली आणि मग वाकून आत शिरली. तिनं बाळाला पसरलेल्या पायांवर घेतलं, शिबिरात सांगितलं होतं तसं त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि त्याच्याशी बोलू लागली. थोडं मराठीत, थोडं कानडीत. बाळ तिच्या हलणाऱ्या ओठांकडं टक लावून बघत होतं. तिचं बोट हाताला लागताच त्यानं ते तोंडात ओढलं.

"अव्वा," शिवम्मानं भिंतीला टेकूनच विचारलं, "हाल बरतदेन?" दूध येईल ना, असं विचारत होती.

"बरतद," केराबाई म्हणाली. येईल.

बाळ एक्केचाळीस दिवसांचं होतं.