नदीकडची खिडकी

२००६ साली वर्धेतल्या आमच्या लॉजची वेबसाइट झाली. मी पोरीला बिनधास्त लिहायला सांगितलं, "दुसऱ्या मजल्यावरच्या सात नंबरच्या खिडकीतून धाम नदी दिसते."

"बाबा, सात नंबरले खिडकीच नाई," मोहिनी म्हणाली.

"नदी तरी कुठं जवळ आहे? बॅग घेऊन आलेलं गिऱ्हाईक परत जात नाई. तू लिहिजो."

धंदा मला कळतो. सात नंबरची बुकिंग धडाधड येऊ लागली. तक्रार एकाचीही नाही, उलट खिडकीतल्या गार हवेचं कौतुक करणारे ईमेल आले. लोक एकमेकांचं वाचून लिहितात, असं म्हणून मी हसायचो.

काल सकाळी एका पाहुण्यानं चावी काउंटरवर ठेवली. "खिडकी लावून आलो भाऊ. नदीचं पाणी चढून राह्यलं."

मी मोहिनीला घेऊन वर गेलो. भिंत जशीच्या तशी होती, पिवळी आणि कोरडी. तिच्यामागे थेट खालच्या गल्लीपर्यंत काहीच नाही.

"पाह्य, आहे का कुठं खिडकी?" म्हणत मी भिंतीवर थाप मारली.

पलीकडून तशीच थाप आली. मग कोणीतरी अदबीनं विचारलं,

"भाऊ, साइट पाहून आलो. रूम भेटन का?"