हिंदुरावचा पायगुण

"कॅनरी इन द कोल माइन," वैष्णवीनं पुस्तकातून वाचलं. "म्हंजी संकटाची आधी वर्दी देणारा."

रविवारी तिची तलाठी भरतीची परीक्षा होती. बापाची आणि नवऱ्याची भाकरी घेऊन ती वैरागहून साखर कारखान्यावर आली होती, पण पुस्तक काही हातातून सुटत नव्हतं. जमिनीत बांधलेल्या मळीच्या टाकीशेजारी टोळी जेवत होती. गळीत हंगामाच्या तोंडावर टाकीत उतरायचं आणि तळाची मळी खरवडून काढायची, हे टोळीचं काम. झाकण सकाळीच उघडलं होतं. आतून आंबूस, घसा धरणारा वास येत होता.

"कॅनरी म्हंजी काय गं?" हिंदुरावनं लेकीला विचारलं.

"पिवळं पाखरू, तात्या. इंग्लंडात कोळशाच्या खाणीत उतरताना कामगार पिंजऱ्यात घालून न्यायचे. विषारी वायू माणसाला लवकर कळायचा न्हाय. पाखराचा जीव केवढासा! ते आधी पडायचं. ते पडलं की माणसं वर पळायची."

"आन् पाखरू?"

"त्याचं पुस्तकात काय न्हाय."

टोळी हसली. मुकादम रावजी तेवढा हसला नाही. त्यानं हात धुतले आणि दोर उचलला.

"चला. हिंदुराव, हूं. पायगुण तुजा."

मागच्या वर्षापर्यंत आधी कोण उतरणार याच्या पाळ्या असत. मग कुठूनसं निघालं की हिंदुरावचा पाय आधी पडला की कुणाला चक्कर येत नाही, काम बिनबोभाट होतं. तेव्हापासून पहिला मान त्याचा. वैष्णवीला या मानाचं कौतुक होतं. सासरी चार बायकांत तिनं ते मिरवलंही होतं.

हरभऱ्याच्या झाडावर चढवून माणसाला टाकीत कसं उतरवतात, ते तिला आज दिसलं. हिंदुराव कमरेला दोर बांधत होता आणि बाकीचे टाकीच्या तोंडाशी येऊन उभे राहिले होते. त्यांच्या हातात फावडी नव्हती. ते नुसते दोराकडे बघत होते.

तिनं पुढं होऊन दोर धरला. "तात्या उतरणार न्हाईत. आधी हवा तपासायचं यंत्र आणा."

"यंत्र मागवलंय की," रावजी म्हणाला. तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो अगदी शांत होता. "पण टाकी आजच व्हायला पायजे. बरं, हिंदुराव नको. युवराज, तू बांध दोर."

युवराज म्हणजे तिचा नवरा, लग्नाआधीपासून याच टोळीतला. लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. त्यानं हातातली भाकरी फडक्यावर ठेवली आणि तो उठला. सासऱ्याच्या कमरेचा दोर त्यानं सोडून घेतला. एकदाच त्यानं बायकोकडे बघितलं.

वैष्णवीला ओरडायचं होतं. पण युवराजला अडवलं तर दोर परत तात्यांच्याच कमरेला जाणार होता. बापाच्या वेळी केवढा आवाज चढला होता, आणि आता तिला दोघांकडेही बघवेना.

हिंदुरावनं जावयाच्या हातातून दोर काढून घेतला. परत कमरेला गुंडाळला, गाठ ओढून बघितली आणि शिडीवर पाय ठेवला. चार पायऱ्या उतरल्यावर त्याचं डोकं तेवढं वर राहिलं. त्यानं मानेनंच लेकीला जवळ बोलावलं. ती वाकली.

"रडू नगंस," तो तिच्या कानाशी म्हणाला. "पायगुणाचं मीच उठवलंय, पोरी. तुजं लगीन ठरलं त्याच दिशी."