काचेतलं लॉगबुक

ओम्बातीने घरच्या भिंतीवरून उतरवून आणलेली तसबीर केरुबोच्या टेबलावर आदळली. काचेमागे त्याच्या पिकअपचं लॉगबुक होतं, गाडी कुणाची ते सांगणारा सरकारी कागद.

"हे बघ. नाव वाच. मालक कोण?"

"तुम्हीच, काका." केरुबोने हसू दाबलं. ओगेंबोच्या बाजारातला सायबर कॅफे ती चालवायची, आणि तसबीर काखेत मारून आलेलं गिऱ्हाईक तिनं पहिल्यांदाच पाहिलं होतं. "पण शाळेला भिंतीवरचा मालक चालत नाही. कॉम्प्युटरवर दिसायला हवा."

सकाळपासून जो तो त्याला हेच ऐकवत होता. मुलींच्या निवासी शाळेला पुढची दोन वर्षं केळी आणि भाजी पोचवायचं काम निघालं होतं. त्यासाठी गाडीमालकांची यादी आज पाचला बंद होणार होती. काम हुकलं तर पिकअप दारात उभी राहून गंजणार, आणि गाडी हाकण्याशिवाय ओम्बातीला दुसरं काही येत नव्हतं. हातात शिक्क्याचा कागद असताना एका पडद्याची मनधरणी करायची, या विचारानंच त्याचं डोकं फिरलं होतं.

केरुबोने वाहन नोंदणीच्या सरकारी साइटवर त्याच्या ओळखपत्राचा क्रमांक टाकला. "काका, तुमचं खातं आहे की. सहा वर्षांपूर्वीच उघडलंय. कोड पाठवलाय, फोन बघा."

फोनवर काहीच आलं नव्हतं.

"शेवटी सत्तेचाळीस असलेला नंबर तुमचा नाही?"

"नाही."

"मग ज्याचा असेल त्याच्या खिशात तुमची गाडी आहे. मनात आणलं तर घरबसल्या स्वतःच्या नावावर करील. केलीही असेल."

ओम्बातीच्या तोंडचं पाणी पळालं. सहा वर्षांपूर्वी त्याच्याकडे फोनच नव्हता. घरात फोन होता तो धाकट्या भावाकडे, मोगाकाकडे. गाडी दोघांच्या घामाची, आईच्या केळीच्या बागेत राबून घेतलेली. थोरला म्हणून नाव ओम्बातीचं लागलं. आणि एका संध्याकाळी मोगाका हाच कागद पुढ्यात घेऊन, हातात पेन धरून बसलेला दिसला. ओम्बातीने कागद हिसकावला, भावाच्या कानाखाली वाजवली आणि शेजारीपाजारी ऐकतील अशा आवाजात त्याला चोर म्हटलं. मोगाकाने काही सांगायला तोंड उघडलं होतं, पण त्याला बोलू दिलं कुणी? सकाळी तो मोंबासाच्या बसमध्ये बसला. ओम्बातीने कागद तडक सुताराकडे नेऊन काचेत बसवून घेतला. तेव्हापासून दोघांत एक शब्द नव्हता.

"तेव्हा कागद हाती लागला नाही, म्हणून या कॉम्प्युटरवरून नेली," तो पुटपुटला. "चोर तो चोरच!"

"शिव्या नंतर द्या, काका. नंबर बदलायला नैरोबीला अर्ज करू. तीन आठवडे लागतील."

"तीन आठवडे? आणि पाचचं काय?"

"ते माझ्या हातात आहे का? कागदाचा क्रमांक तेवढा सांगा. तो चौकटीखाली दडलाय."

ओम्बातीने पिकअपच्या किल्लीने मागचे खिळे उचकटले. केरुबोने कागद हातात घेतला, क्रमांक शोधायला उलटा केला आणि थांबली.

"काका, मागे कुणीतरी लिहिलंय."

निळ्या शाईतलं ते अक्षर त्याने लगेच ओळखलं. वर एक फोन नंबर होता, शेवटी सत्तेचाळीस. त्याखाली लिहिलं होतं, "दादा, आज तुझं खातं उघडलं. तुला फोन नाही, म्हणून माझा नंबर दिलाय. कोड लागेल तेव्हा मला" आणि तिथून शाईची एक रेघ कागदाच्या कडेपर्यंत ओढली गेली होती.

ओम्बातीने कागद हिसकावला तेव्हाचीच ती रेघ. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की केरुबोकडे बघवेना. तिनं कोड पुन्हा पाठवला, नंबर लावला आणि फोन त्याच्या हातात दिला. इतक्या वर्षांनी तो चालू तरी असेल का?

एकच रिंग गेली.

"चार, नऊ, शून्य, दोन, सात, एक," पलीकडून आवाज आला.

"मोगाका... अरे, कोण बोलतंय ते तरी विचार."

"ह्या सिमवर दुसरं कोण येणार, दादा? फोन तीन बदलले, सिम तेच ठेवलं. मघाशी पहिला कोड आला, तेव्हापासून हातात घेऊन बसलोय."

"मी तुला चोर म्हणालो रे."

"ते मग बोलू. आधी आकडे टाक, पाच मिनिटांत मरतात ते."

केरुबोने आकडे टाकले. पडद्यावर गाडी आली, खाली मालक म्हणून ओम्बातीचं नाव. सहा वर्षांत कुणी त्या नोंदीला बोटसुद्धा लावलं नव्हतं. शाळेला ते पान गेलं तेव्हा पाचला वीस मिनिटं होती.

"आपली पिकअप अजून चढावर खोकते का रे?" मोगाका विचारत होता.

"ये आणि ऐक," ओम्बाती म्हणाला. डोळ्यांतलं पाणी त्याने लपवलं नाही.

फोन ठेवल्यावर केरुबो म्हणाली, "काका, आता इथे तुमचा नंबर टाकते. म्हणजे पुन्हा कोडासाठी कुणाच्या तोंडाकडे बघायला नको."

"नको. त्याचाच राहू दे."

त्याने कागद परत चौकटीत घातला. या वेळी भावाचं अक्षर काचेकडे करून.