ठकीच्या वाट्याचं

पुकारा व्हायला अर्धा तास उरला होता, तेव्हा वकीलबाईंनी घटस्फोटाच्या मसुद्यातल्या चौथ्या कलमावर पेन्सिल टेकवली.

"हे असंच ठेवलंत, तर न्यायाधीश पहिला प्रश्न याच्यावर विचारतील."

कलम दोनच ओळींचं होतं. आई मुलीसाठी कधीही काही मागणार नाही. वडील मुलीला भेटायला कधीही येणार नाहीत.

"मीच सांगितलं होतं तसं लिहायला," ती म्हणाली. पुस्तकं बांधायचं काम तिचं. बोलतानाही बोटं कागदांच्या कडा जुळवत होती. "मला त्याची फुटकी कवडी नको."

"नको तर सोडा. तुमचं तुम्हाला सोडता येतं. पण हे तुमचं नाही."

"म्हणजे?"

"पोटगी मुलीची आहे. बापाला भेटणं, तेही मुलीचंच. तुम्ही नवराबायको मिळून तिसऱ्याच माणसाचं सोडून देताय. ती सात वर्षांची आहे. तिला कुणी विचारलं?"

शेजारी बसलेल्या दादाचा पाय मघापासून हलत होता. "अहो बाई, दोन वर्षं हेलपाटे घालतोय आम्ही. आता सही करून मोकळं व्हायचं, तर हे काय नवीन खुसपट?" मग बहिणीकडे वळून म्हणाला, "मी आहे ना? ठकीला काही कमी पडू देईन का?"

नसतंच पडू दिलं त्यानं. तिनंही नसतं पडू दिलं. प्रश्न तो नव्हता. 'काही नको' एवढ्या दोन शब्दांवर ती दोन वर्षं उभी होती. नातेवाइकांत, कामाच्या जागी, आरशासमोर. मान ताठ राहिली होती खरी. पण त्यासाठी आपण हात घातला तो ठकीच्या ताटात, हे तिला आज पहिल्यांदा दिसलं.

"बरं. पोटगी लिहा," ती म्हणाली. "भेटीचं तेवढं राहू दे तसंच."

वकीलबाईंनी चष्मा काढला. "एक घ्यायचं आणि दुसरं दाबून ठेवायचं, असं होत नाही. त्यानं पैसे थकवले म्हणून भेट बंद करता येत नाही, आणि भेट झाली नाही म्हणून पैसे अडवता येत नाहीत. दोन्ही वेगळं, आणि दोन्ही तिचं. मुलीला त्रास द्यायचा का तो? तसं असेल तर सांगा, ते वेगळं मांडू."

'हो' म्हणणं सोपं होतं.

"नाही," ती म्हणाली. "तिच्यावर कधी आवाजसुद्धा चढवला नाही त्यानं."

आणि ती उठली.

"कुठे निघालीस?" दादानं विचारलं.

"त्याला सांगून येते."

"वकिलांकरवी सांग की! त्याच्या तोंडाला कशाला लागतेस?"

"तोंडाला नाही लागत, दादा. कलम बदललंय, ते सांगते."

तो बाहेरच्या बाकावर टोकाला बसला होता. फरशा बसवायचं काम अर्धवट टाकून आलेला. गुडघ्यांवर सिमेंटचे पांढरे गोल. तिला येताना पाहून तो अर्धवट उठला, पुन्हा बसला.

"चौथं कलम बदलतेय," ती उभ्या उभ्याच म्हणाली.

"तुलाच काही नको होतं ना?"

"मला अजूनही नकोय. हे ठकीचं आहे. दर महिन्याला द्यायचं, शाळा, दवाखाना, सगळं धरून. आणि दर रविवारी येऊन तिला न्यायचं. नऊ ते सहा. यायचं म्हणजे यायचं. काम निघालं, गाडी बंद पडली, हे चालणार नाही. चपला घालून दारात बसलेल्या पोरीला 'येत नाहीत' असं मी सांगणार नाही."

तो आता घासाघीस करणार, म्हणून तिनं आवाज तयार ठेवला होता. तो खाली फरशीकडे बघत राहिला.

"ओळखेल ना मला?"

"ओळखेल. तूच दचकशील. पुढचे दात पडलेत."

मागून वकीलबाई आणि दादा आले. खाडाखोड केलेला कागद दाखल होणार नव्हता. नवा टाइप करावा लागणार, आणि तारीख पुढच्या महिन्यातली. दादानं कपाळावर हात मारला. "सही राहिली, सुटका राहिली, पुन्हा महिनाभर लटकायचं! अगं, आहे तोच कागद जाऊ दे ना!"

"घ्या पुढची तारीख," ती वकीलबाईंना म्हणाली.

त्या आत गेल्या. दादा पाणी प्यायला म्हणून तरातरा निघून गेला. तीही वळली, तेवढ्यात बाकावरून तो बोलला.

"नऊ वाजता येईन, तेव्हा तिनं खाल्लेलं असेल, की मी घालायचं?"

"नुसतं दूध पिते सकाळी. अंडं आवडतं. पण पिवळं कच्चं ठेवायचं नाही."

त्यानं कानामागची जाड पेन्सिल काढली. जुन्या मसुद्याचा कागद उलटा करून मांडीवर धरला, आणि एकेक अक्षर कोरत लिहिलं : पिवळं कच्चं नको.

"अजून सांग," तो म्हणाला.

ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.